मास्तरांनी सरळ केलेले काठ

मी एक कार्ड बोलतोय. पत्त्यांतलं नव्हे हं! माझ्यावर राजा-राणी नाही, चेंडूवर झेप घेतलेला फुटबॉलचा गोलरक्षक आहे. च्युइंगगमच्या पाकिटातून निघालो आणि एका शिंप्याच्या हाती लागलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांनी मला शिलाई मशीनच्या खणात जागा दिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला बाहेर काढून विचारायचे, "काय गड्या, अडवलास का आज?" हाताळून हाताळून माझे काठ झिजले, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणसाला बोलायला कुणीतरी लागतं.

पुढे मास्तरांची नजर अंधूक झाली. "ऑपरेशन लांबवलंत तर डोळे जातील," डॉक्टरांनी बजावलं. अशा जुन्या कार्डांचा ऑनलाइन लिलाव होतो, असं मास्तरांच्या मुलीच्या कानावर आलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिनं खिडकीशी धरून माझे फोटो काढले आणि मला लिलावात चढवलं. शेवटच्या दिवशी बोली अशी चढली की बापलेकीचे हात ताटातच थांबले. ऑपरेशनची सोय झाली!

मला पाठवायच्या दिवशी मास्तर म्हणाले, "परक्या घरी हा असा फाटक्या अंगानं जाणार होय?"

त्यांनी कात्री मागितली. नजर अंधूक असली तरी हात पक्का होता. बोटानं चाचपत त्यांनी माझे चारही काठ कापून सरळ केले.

"अगदी नवा दिसतोय, बाबा!" मुलगी म्हणाली. मीही खुळा, ऐटीत पाकिटात शिरलो.

घेणाऱ्यानं मला फोटोशी ताडून पाहिलं, पट्टीनं मोजलं आणि परत धाडलं. 'झिजलेलं चाललं असतं. कापलेलं कार्ड कुणी घेत नाही,' असं त्यानं कळवलं. मुलगी नळ सोडून रडली, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी झिजलेला असेल, तर त्याला तसाच राहू द्या. मायेनंसुद्धा कात्री लावू नका.

मुलीनं मला कपड्यांखाली दडवलं होतं. काल मात्र तिनं मला मास्तरांच्या समोरच टेबलावर ठेवलं. आता लपवायची गरज उरलेली नाही.

"अगं, त्या माणसाला आवडला का आपला गडी?" मास्तरांनी विचारलं.

"खूप आवडला, बाबा. काठ किती सरळ आहेत, म्हणाला."

"मग! हात कुणाचा आहे!"

मास्तर खुशीत हसले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.