दुधाची परीक्षा

वाटीतल्या पाण्यात एका नव्या आईच्या दुधाचे दोन थेंब पडले, वर पिवळ्या पुडीची चिमूट पडली आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. दुकानावरच्या त्या लांबट खोलीत दाटीवाटीने बसलेल्या बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं.

"बघा!" शुद्धीबाबा गरजले. "दूध पांढरं दिसतं, तिथेच माणूस फसतो. आत नुसतं जहर! सात दिवस अंगावर पाजायचं नाही. बाळाला माझं सिद्धजल द्या. आठव्या दिवशी पाणी पिवळंधमक निघालं नाही, तर नाव बदलीन!"

नाव याआधी किती वेळा बदललं, हे कुणी विचारलं नाही.

सिस्टर दारात चपला काढत होत्या. घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासायचं हे त्यांचं काम. सकाळपासून सात घरं झाली होती, पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. आठव्या घराला कुलूप दिसलं आणि शेजारीण म्हणाली, सासू-सून बाळाला घेऊन बाबांकडे सिद्धजल आणायला गेल्यात. तीस वर्षांच्या नोकरीत असले तीन बाबा त्यांनी पाहिले होते. चौथ्यावर रागवायलाही आता अंगात त्राण नव्हतं.

सून भिंतीला टेकून बसली होती. मांडीवरचं बावीस दिवसांचं बाळ रडतही नव्हतं.

"किती दिवस पाजलं नाहीस?"

"चार," ती पुटपुटली. "छाती दगडासारखी झालीय, सिस्टर. पण बाबा म्हणाले, माझं दूध..."

"शू केली?"

"कालपासून एकदाच."

सिस्टरनी बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती, ओठ सुकले होते. "ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"आधी शुद्धी होऊ दे," सासू मध्ये पडली. "विष पाजून वाढवू का नातवाला?"

ती बाई दुष्ट नव्हती, घाबरली होती. घाबरलेल्याची समजूत घालायला वेळ लागतो आणि वेळच तर नव्हता. सिस्टर सरळ पुढे, बाबांच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या पाण्याच्या घागरींपाशी गेल्या.

"बाबा, या वाटीत दूध नको. नुसती पूड टाका."

"बाई, सिद्धीची थट्टा करू नका!"

"थट्टा कसली? दूध नाही म्हणजे विष नाही. पाणी पिवळंच राहायला हवं ना?"

बाबांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. सिस्टर थांबल्या नाहीत. त्यांनी उजव्या घागरीतलं पाणी वाटीत घेतलं, चिमूटभर पूड टाकली. पाणी लालभडक!

"आता सांगा, हे जहर कुणाच्या अंगचं?"

मग डाव्या घागरीतलं पाणी घेतलं. तीच पूड, तीच चिमूट, पण पाणी पिवळं.

"ही साधी हळद आहे," त्या म्हणाल्या. "उजव्या घागरीत चुन्याची निवळी आहे. चुना लागला की हळद लाल होते. भिववायचं असेल तिला उजवी, सात दिवस पुरे केले तिला डावी."

मागून धुणंभांडी करणारी एक बाई उसळून उठली. "अगं, हळदीच्या डागाला साबण लावला की होतो तस्साच! रोज बघते मी, अन् इथे येऊन हात जोडून बसले!"

कुणीतरी हसलं. बाबा "आज योग बरा नाही" म्हणत घागर उचलू लागले. सासू वाटीकडे बघत राहिली, मग तिने स्वतः बाळ उचललं. "चल गं," ती सुनेला म्हणाली. "मी चौघांना पाजलं, तेव्हा कुणी दूध तपासायला आलं नव्हतं."

दवाखान्यात सलाईन लागलं. बाळ तिसऱ्या दिवशी टाहो फोडून रडलं तेव्हा सासूच्याच डोळ्यांना धार लागली. सुनेचं दूध कमी झालं होतं, पण पुन्हा पुन्हा छातीला लावून ते हळूहळू परतलं.

पुढच्या फेरीत बायकांनी सिस्टरना गाठलं. "मग दूध चांगलं आहे हे ओळखायचं कसं?"

सिस्टर पायरीवर टेकल्या. "बाळ दिवसभरात सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, पिऊन शांत होतंय, हीच परीक्षा. सहा महिने आईचं दूध पुरतं, वर पाणीसुद्धा नको. शंका आली तर दवाखान्यात या, पण शंकेपायी बाळ उपाशी ठेवू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही."