रेघवाले बाबा आणि पुंजाजीचा जळफळाट

शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीमागचं मैदान त्या गुरुवारी तुडुंब भरलं होतं. मंडपात रेघवाले बाबा मुठीतून भस्माच्या आडव्या रेघा ओढत होते आणि कंपवातानं जागीच खिळणारे, पुंजाजीचे शेजारी नत्थुजी त्या ओलांडत लांब टांगा टाकत होते. बायांनी डोळ्यांना पदर लावले. जयजयकारानं मंडपाचे बांबू हलले.

पुंजाजीचेही डोळे भरले, पण भक्तीनं नव्हे. कंपवात त्यांनाही होता. कोणाच्या संत्र्याला भाव जास्त, कोणाच्या पोराचं लग्न आधी, या शर्यतीत ते जन्मभर नत्थुजीच्या पुढे. आता आजारात मागे राहायचं?

"पाहा, नवरदेवावानी चालून राहिला!" बाबांचा भोंगा गरजला. "रेघेवर पाय पडला तं देव कोपते! अन् गोळी खानाऱ्याले रेघ पावत नाही. गोळ्या धुनीत टाका, मंग या!"

पुंजाजीनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. सून पौर्णिमानं मनगट धरलं. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती अशाच रुग्णांना चालायला शिकवायची.

"मामाजी, हे काय करून राहिले?"

"सोड मले! तो नत्थ्या पाहा. अन् मी घरच्याच दारात खांबासारखा उभा!"

"गोळी एकदम सोडली तं अंग लाकूड होईन तुमचं. जिवावर बेतते. आधी नत्थुकाका मंडपाबाहेर कसे जातात ते पाहा."

रेघा संपल्या. पुढे नुसता हिरवा गालिचा. नत्थुजीचे पाय तिथंच चिकटले.

"अवो, चाला ना!" पार्बताबाई नवऱ्याला ओढू लागली. पुंजाजीला आतून गुदगुल्या झाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

"बाहेरची हवा लागली त्याले!" बाबा म्हणाले.

पौर्णिमानं संत्र्याच्या पेटीतली रद्दी काढली, लांब पट्ट्या फाडल्या आणि नत्थुजीसमोर आडव्या टाकल्या. "काका, यांच्यावर पाय न देता ओलांडा." नत्थुजी निघाले की तरातरा!

"कोनता मंत्र टाकला वं?" गर्दीतल्या गंगूबाईनं विचारलं.

"मागच्या महिन्याचा पेपर आहे, काकू. या आजारात सवयीनं चालणं अडते. समोर रेघ दिसली अन् ती ओलांडायची असं ठरवलं, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलते. पूजेच्या वस्तूवर आपण पाय देत नाही, तेच बाबांनी वापरलं. भस्माच्या जागी चिकटपट्टी चालते, कोणाले टाळीचा ताल चालते. आजार मात्र जात नाही, म्हणून गोळी पायजेच."

"शिकेल लोकं देवाले मानत नाहीत!" बाबा कडाडले.

"मंग रेघा पुसा," पुंजाजी ओरडले, "अन् चालवा याले नुसत्या आशीर्वादानं!"

बाबांना तेवढ्यात समाधी लागली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं घरच्या दारात पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि पुंजाजी न अडता उंबरा ओलांडू लागले. दुपारी नत्थुजी आले. "पोरी, माह्या घरीबी लावून दे."

"लाव," पुंजाजी कुरकुरले, "पन त्याची पट्टी माह्यापेक्षा रुंद नको!"

जळायचं तर माणसानं खुशाल जळावं. पण शेजारी चालला म्हणून आपलं औषध धुनीत टाकू नये. तो कशानं चालला, हे डोळे उघडे ठेवून पाहावं आणि मग डॉक्टरला विचारावं.