पुठ्ठ्याआड पडलेले तीन

ताईला खोटं बोलायची सवय नव्हती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई ती. "साखर जरा कमी दाखवा हो, घरी माझं खाणंपिणं बंद करतील," अशी कुणी कितीही गयावया केली, तरी आकड्याला बोट लावायची नाही. आणि अशा बाईने शनिवारी दुपारी, सख्ख्या धाकट्या भावाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तीनचे सतरा केले.

सांगते सगळं, पण आधी तो खेळ समजून घ्या. टेबलाभोवती चौघं. ताई गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. भावजय चोर, शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका तिरंदाज आणि धाकटा भाऊ पुजारी. मी भिंत चढतो, मी बाण सोडतो, असं ज्याने त्याने सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. अकरा वर्षं दर शनिवारी हेच चाललं होतं. पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांना काकांनी कधीच दारातून कटवलं होतं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि खड्ड्यात उतरण्याआधी न चुकता डोळे मिटून प्रार्थना करायचा. ताईचा देवाबिवावर काडीचा विश्वास नव्हता. यावरून दोघांचं लहानपणापासून वाजायचं. पण खेळात धाकटा ज्या खिंडीच्या देवीचा पुजारी होता, ती देवी ताईनेच रचली होती आणि तिच्या आवाजात ताईच बोलायची. "देवीच नास्तिक निघाली की हो!" हा विनोद पोस्टमनकाका दर शनिवारी करायचे आणि स्वतःच हसायचे.

देवीला काही विचारायचं तर फासा ताई टाकायची, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्याच्या आड. आकडा तिलाच दिसायचा. दहा किंवा वर पडले तर देवी हो म्हणणार. खाली पडले तर देवी गप्प, आणि त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. हा नियम कुणी कधी मोडला नव्हता.

आई आठ दिवस हॉस्पिटलात होती. न्हाणीत पडली, डोक्यात रक्त साकळलं, डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वाचेल किंवा टेबलावरच जाईल. नाही केलं तर हळूहळू जाईल. रविवारी सकाळी दहापर्यंत काय ते सांगा. आई धाकट्याकडे राहायची, त्यामुळे सहीचा कागद त्याच्या हातात. तो रोज विचारायचा, "ताई, तुला काय वाटतं?" आणि ही रोज फटकारायची, "तू ठरव. तुझा देव आहे ना सल्ला द्यायला." काय म्हणावं या बाईला! मनातून ती घाबरली होती. हो म्हणावं आणि आई टेबलावर गेली, तर जन्मभर स्वतःला तोंड कसं दाखवायचं?

शनिवारी दुपारी हॉस्पिटलात भेटायला सोडत नव्हते. धाकटाच म्हणाला, "खेळूया. घरात बसून डोकं फिरतंय."

गोष्टीत म्हाताऱ्या राणीच्या छातीत बाण रुतला होता. उपसला तर कदाचित तिथेच संपेल, ठेवला तर झिजून मरेल. ताईने हे महिन्यापूर्वी लिहिलं होतं, आई धडधाकट होती तेव्हा. वाचतानाही बयेच्या ध्यानात आलं नाही.

धाकट्याने हात जोडले. "म्हातारी आहे," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "उपसू का? तूच सांग."

ताईने फासा टाकला. तीन पडले.

तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बिचाऱ्याला एवढं तरी मिळू दे, असं तिला वाटलं. "सतरा," ती म्हणाली, आणि देवीच्या खर्जातल्या आवाजात, "उपस."

राणी वाचली. काकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा ढसाढसा रडला आणि ताईला वाटलं, बरं झालं, मन मोकळं झालं पोराचं.

रविवारी सकाळी हॉस्पिटलात नर्स फॉर्म घेऊन त्यांच्या बाकाशी आली, तेव्हा धाकट्याने झटक्यात पेन उघडलं.

"ठरलं तुझं?" ताईने विचारलं.

"काल उत्तर मिळालं ना. आठ दिवस प्रार्थना करतोय, नुसती शांतता. म्हटलं, देवाला बोलायचं असेल तर कुठूनही बोलेल. म्हणून काल तुझ्या देवीच्या नावाने त्यालाच विचारलं. फासा तर कुणाचं ऐकत नाही."

ताईने त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. गप्प राहिली असती तर चाललं असतं. तिलाही ऑपरेशनच हवं होतं, पेन कागदाला टेकलंच होतं. पण खोट्या आकड्यावर आजवर तिने कुणाला सुईसुद्धा टोचू दिली नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "सतरा नव्हते. तीन होते."

धाकट्याचा चेहरा लाल झाला. "थट्टा वाटली तुला? माझ्या देवाची?"

"मला माहीत नव्हतं रे तू आईचं विचारतोयस. मला वाटलं, राणी जगू दे."

"राणी?"

"आई." ताईला हुंदका आवरेना. "आई जगू दे. ऑपरेशन करावं असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. भीती वाटते म्हणून बोलले नाही."

"आठ दिवस मी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो. आणि तू बोललीस ती पुठ्ठ्याआडून?"

नर्स घड्याळाकडे पाहू लागली. धाकट्याने फॉर्म ताईपुढे सरकवला. "आता पुठ्ठा नाही. बोल."

"करायचं ऑपरेशन."

"मग तू कर सही."

तिने केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं.

आईला आत नेलं. दोघं बाकावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. धाकट्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि पुन्हा डोळे उघडले.

"येईना गं," तो म्हणाला. "शब्दच येईनात. काल तीन पडले. म्हणजे तो गप्पच होता. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

ताईला वाटलं, आईचं काय होईल ते होवो, पण याचं हे प्रार्थना करणं आपण मोडलं. ती सरकून त्याच्याजवळ बसली.

"नियम काय आहे आपला?"

"दहाच्या खाली पडले की त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही."

"तो दिवस काल होता," ताई म्हणाली. "आज विचार."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो पुटपुटू लागला, अडखळत, आधी दोन शब्द, मग चार. ताईला त्यातलं काही येत नव्हतं. तिने त्याची बाही धरली आणि डोळे मिटून घेतले.