रेस सोडली की बंद

शोनाचा फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली आडवा झालो होतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा. खोऱ्यातल्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या, आणि या दिवसांत हटकून सगळ्यांची यंत्रं एकदमच आजारी पडतात.

"रेवी, गाडी बघायला येशील का?"

"कुठली?"

"तीच."

तीच म्हणजे तिच्या नवऱ्याची, यूअनची. बाजूंनी उघडी, वर नुसते लोखंडी दांडे, पुढे दोघं बसतील एवढी जागा आणि मागे छोटा हौदा. आमच्याकडे डोंगरात गवताच्या गाठी न्यायला, कुंपणाचे खांब न्यायला, अडलेली मेंढी आणायला सगळ्यांकडे असली गाडी असते. जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पाणवठे गोठलेले असताना, यूअन सकाळी वरच्या कुरणात चारा टाकून उतरत होता. गाडी उलटून घळीत गेली. तो छत्तीस वर्षांचा होता. दुपारी जेवायला आला नाही तेव्हा शोना कुत्र्यांच्या आवाजाच्या रोखानं चालत गेली, आणि तो तिलाच सापडला.

तपासणी अधिकारी दोन दिवस येऊन गेला. अहवालात त्यानं लिहिलं की उतार चुकीचा निवडला होता आणि सीटचा पट्टा लावलेला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण यूअनच्या बापानं, अलास्टरनं, तो अख्खा अहवाल तीन शब्दांत बसवला. दुकानात, चर्चच्या दाराशी, मेंढ्यांच्या लिलावात, कुणी हात हातात घेतला की तो म्हणायचा, "पोरगं घाईचं होतं." पंधरा दिवसांत सगळं खोरं तेच म्हणायला लागलं.

मी पोचलो तेव्हा शोना लोकर कातरायच्या शेडमागे उभी होती. अंगात यूअनचा जाड स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. गाडीचे दांडे वाकले होते, काच गेली होती, पण चाकं सरळ होती.

"चालू होते," ती म्हणाली. "मी परवा करून बघितली. रेस दिली की नीट पळते. पाय काढला की मेली."

"उलटलेली गाडी आहे, शोना. तिच्याकडून काय अपेक्षा करणार?"

"अलास्टर पण हेच म्हणाले. पण यूअन हे जूनपासून म्हणत होता. 'आज परत चार वेळा बंद पडली.' जेवताना सांगायचा. मी म्हणायचे, आधी सूप पी."

मी हत्यारांची पेटी उघडली.

आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं. दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल कुठल्याही इंजिनाला रडवतं. नवीन भरलं. चालू केली, पाय काढला, बंद. पेट्रोलचा फिल्टर बदलला. बंद. हवेचा फिल्टर काढला तर त्यात गवताचा भुसा भरलेला. झटकून, धुऊन बसवला. बंद.

"यूअन दर रविवारी तो साफ करायचा," शोना म्हणाली.

"नीटच करायचा असेल. तरी भरतो."

"मी तक्रार नाही करत. सांगतेय फक्त."

प्लग काढून मी उजेडात धरला. टोक पांढरट पडलं होतं.

"हे काय सांगतं?" तिनं विचारलं.

"इंजिनाला पेट्रोल कमी मिळतंय, नाहीतर हवा जास्त."

"यातलं काय?"

"बघू."

कार्ब्युरेटर खोलला. आयडलचा जेट, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल देणारी नळी, सुईच्या नेढ्याएवढा असतो, त्यात कणभर कचरा अडकला तरी इंजिन उभ्या जागी चालू राहत नाही. मी तो डोळ्याला लावून आकाशाकडे धरला. आरपार स्वच्छ. मनातून मला तो तुंबलेला हवा होता. खरं सांगायचं तर पहिल्या मिनिटापासून मला ठाऊक होतं की दोष कुठे असेल, आणि मी तिथे सोडून बाकी सगळीकडे बघत होतो.

"रेवी," ती म्हणाली, "तू घामाघूम का झालायस? बर्फ पडेल असा वारा आहे."

कार्ब्युरेटर परत बसवला. तिला हातानं रेस धरायला लावली आणि कार्ब्युरेटर साफ करायच्या फवाऱ्याचा डबा घेऊन मी तो कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी जोडावर मारला. इंजिनाचा सूर लगेच बदलला, फुगल्यासारखा वर गेला. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"इथून हवा घेतेय," मी म्हणालो.

क्लिप सैल करून जोड बाहेर काढला. खालच्या बाजूला, जिथे नुसतं बघून दिसत नाही, तिथे बोटभर लांब चीर होती. आणि चिरेवर काळी टेप गुंडाळलेली. टेप कडक होऊन रबराला भाजल्यासारखी चिकटली होती. तिच्या थरांमध्ये धूळ आणि तेल बसलं होतं. नखानं सोलली तर पापुद्र्यासारखी तुटायला लागली.

शोनानं तो जोड माझ्या हातातून घेतला. उलटसुलट करून बघितला.

"ही टेप पडताना लागली नाही."

"नाही."

"मग हा फाटलेला होता. आधीपासून." ती आता हळू बोलत होती, पण शब्द तोडून. "मला एक सांग. उतारावर माणूस रेसवरचा पाय काढतो. बरोबर? मग काय होतं?"

"या गाडीत इंजिन आणि चाकं आतल्या रबरी पट्ट्यानं जोडलेली असतात. इंजिन चालू असलं की ते चाकांना मागे ओढून धरतं. इंजिन मेलं की पट्टा सैल पडतो, गाडी मोकळी सुटते."

"आणि ब्रेक?"

"गोठलेल्या गवतावर ब्रेक मारला की चाकं थांबतात, गाडी घसरतच राहते."

ती खाली बसली. शेडच्या भिंतीला टेकून, ओल्या मातीत. "म्हणजे तो घाईत नव्हता. पाय काढून, हळूच उतरत होता."

मी तेव्हा गप्प राहू शकलो असतो. पण म्हणालो, "एप्रिलमध्ये मेंढ्या खाली आणल्या तेव्हा मी इथे आलो होतो. चीर तेव्हाच दिसली होती मला. अलास्टरना सांगितलं होतं, नवीन जोड मागवा. 'मागवतो' म्हणाले."

"यूअनला सांगितलंस?"

"यूअन वर होता कुरणात."

"आमच्याकडे फोन आहे, रेवी."

त्या घरात काही सांगायचं तर म्हाताऱ्याला सांगायचं, अशी तीस वर्षांची सवय. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी तिला सांगितली नाही. नवीन जोड येईपर्यंत गाडी बंद पडू नये म्हणून मीच आयडलचा स्क्रू अर्धा फेरा चढवून दिला होता. चीर तेव्हा लहान होती, तेवढ्यावर भागलं. ती वाढत गेली तसा त्या अर्ध्या फेऱ्याचा उपयोग संपला. त्या दिवशी "हिला डोंगरावर नेऊ नका" असं म्हणून किल्ली खिशात घातली असती, तर काय झालं असतं? म्हातारा शिव्या देऊन मोकळा झाला असता, एवढंच.

अलास्टर तेवढ्यात कोपऱ्यावरून आलाच. बहात्तर वर्षांचा, पण अजून काठीशिवाय चढ चढतो.

"काय मिस्त्री, मेलेल्या घोडीला खरारा चाललाय का?"

शोना उठली आणि तिनं जोड त्याच्यासमोर धरला. "ही टेप कुणी लावली?"

त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. बघितलं. खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगेन. "मी लावली. मे महिन्यात. चालली की."

"कुठपर्यंत चालली?"

"शोना, सत्तर सालापासून मी असल्या गोष्टी टेपनं आणि तारेनं चालवतोय. सीटचा पट्टा मी सोडला होता का त्याचा? तो उतार मी निवडला?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही लोकांना सांगता ना, घाईचा होता म्हणून? ते सांगायचं बंद करा. तेवढंच मागतेय. नवऱ्याचं नाव तेवढं परत द्या."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मला वाटलं आता हा कोसळतोय. पण त्यानं चष्मा परत कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "खालच्या वाडग्यात एक मेंढी अडलीय. जातो." आणि गेला.

दहा दिवसांनी आमच्या वणवा दलाचं वार्षिक चहापान होतं. यूअन सोळाव्या वर्षापासून दलात होता, म्हणून त्याचं शिरस्त्राण घरच्यांना द्यायचं ठरलं होतं. गावाच्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. टेबलावर स्कोन, जॅम, अंड्याचे सँडविच. दलाचा प्रमुख डंकन चार शब्द चांगले बोलला. मग अलास्टरला पुढे बोलावलं. शिरस्त्राण पोटाशी धरून तो उभा राहिला.

"माझा मुलगा कामाला वाघ होता," तो म्हणाला. "हजार वेळा सांगितलं त्याला, बाळा, जरा हळू. ऐकलं असतं तर..." पुढे त्याला बोलवेना. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. त्याची बायको इझोबेल खाली मान घालून बसली होती.

आणि शोना उठली.

"तो हळूच चालला होता," ती म्हणाली. तिनं कोटाच्या खिशातून तो जोड काढला. "हा फाटलेला होता. पाय काढला की इंजिन बंद पडत होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. अलास्टरनी यावर टेप लावली आणि गाडी डोंगरावर जाऊ दिली."

सभागृहात एक कप बशीवर वाजला.

डंकन हलक्या आवाजात म्हणाला, "शोना, बाई, आज नको."

"आज का नको? आजच तर सगळे आहेत. रेवी तिथे बसलाय, त्यालाच विचारा." ती माझ्याकडे वळली. "सांग त्यांना."

मी उभा राहिलो. चाळीस तोंडं. त्यातल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये मी वाकून काम केलंय, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात चहा प्यायलोय. अलास्टर माझ्याकडे बघत होता. तो धमकावत नव्हता. उलट मला वाटलं, मी सांगावं म्हणून वाट बघत होता. त्याला स्वतःला ते जमत नव्हतं. पण मी सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता. मिस्त्री, एप्रिलमध्ये तुला दिसलं, मग तू काय केलंस?

"जोड फाटलेला आहे, हे खरं," मी म्हणालो. "पण घळीत पडताना गाडी दोनदा उलटलीय. रबर कधी फाटलं ते आता खात्रीनं सांगता येणार नाही."

हे मी अगदी शांतपणे, कामातल्या माणसाच्या आवाजात सांगितलं. माझं मलाच पटेल असं.

सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीतरी खुर्ची सरकवली. इझोबेल उठली, शोनाच्या खांद्याभोवती हात टाकून तिला दाराकडे नेऊ लागली. "चल बाळ, तुला झोप नाहीये कितीतरी दिवस." शोनानं प्रतिकार केला नाही. दारातून जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाहेर पडल्यावर डंकनची बायको म्हणाली, "बिचारी, दुःखानं काहीबाही बोलते," आणि स्कोनची थाळी माझ्यापुढे धरली. मी एक उचलला. खाल्लाही.

महिनाभरात शोना तिच्या बहिणीकडे किनाऱ्यावर, ओमारूला निघून गेली. कुत्री ठेवून गेली. त्याच आठवड्यात अलास्टरनं नवीन जोड मागवला. तीन दिवसांत आला. मीच बसवला. आयडलचा स्क्रू मूळ जागी आणला, आणि गाडी शेडसमोर तासभर उभ्या जागी चालत राहिली, घड्याळासारखी.

"गोड आवाज आहे," म्हातारा म्हणाला. मग बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून उभा राहिला. "तू त्या दिवशी असं का बोललास?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो.

"उगाच नको सांगूस, मिस्त्री." तो गाडीत बसला, पट्टा लावला, आणि कोकरांकडे निघून गेला. त्या दिवसापासून तो कुणाजवळही घाईचं पोरगं म्हणाला नाही. पण आता त्याची गरज नव्हती. सगळे म्हणतच होते.

शोना मला त्यानंतर एकदाच भेटली, मार्चमध्ये, ओमारूला. मी पंपाचे भाग घ्यायला गेलो होतो. ती जनावरांच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. केस कापलेले, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र. आधी मी परत फिरणार होतो, पण तिनं बघितलं होतं.

"शोना, मला तुला..."

"नको," ती म्हणाली. "खोटं सगळेच बोलतात, रेवी. भ्यायलास, ते मी समजू शकते. पण तू किती नीट बोललास! अडखळलाससुद्धा नाहीस." तिनं माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. "या, तुम्हाला काय हवंय?"

त्या माणसाला मेंढ्यांच्या खुरांवरचं औषध हवं होतं. ती फडताळाकडे वळली. मी बाजूला झालो, आणि त्याचं होईपर्यंत थांबायचं की जायचं, हे ठरवत थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग गेलो.