आरशावर भाजलेली कॉफी

१९४४च्या जुलैत हेलसिंकीला धड अंधारच पडत नव्हता, आणि अंधार नाही म्हणून सर्चलाइटला काम नाही. समुद्रकाठच्या खडकावरच्या दिव्यावर नेमलेल्या बायका मग भर दिवसा सीगलांवर रोख धरत बसत. शत्रूचं विमान पकडायचं तर आधी पक्षी पकडता आला पाहिजे, असं सार्जंट पुल्किनेनचं म्हणणं. या सगळ्या लोट्टा, म्हणजे देशासाठी आपणहून पुढे आलेल्या. सार्जंट ओरडला तरी मागे फिरतील अशांतल्या नव्हेत.

त्यातल्या हिल्काला तर दिवा म्हणजे जीव की प्राण. आधी तीन वर्षं तिने लष्कराच्या भटारखान्यात बटाटे सोलले होते. फेब्रुवारीत शहरावर बॉम्ब पडले, तेव्हा ती हातात पळी धरून नुसती वर बघत राहिली होती. त्या पळीची तिला अजून चीड येई.

शनिवारी सकाळी सार्जंट वाईट बातमी घेऊन आला.

"मेजर हेडमान आज येतायत. भटारखान्याने तुम्हाला परत मागितलंय, लोट्टा हिल्का. तुमच्या हातचं सूप दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणे."

"खारट करायला हवं होतं मेलं!" हिल्का म्हणाली.

"मी काय करणार? हुकूम मेजरसाहेबांचा."

तो गेल्यावर दिव्याचं चाक फिरवणारी सैमी जवळ सरकली. तिच्या स्वीडनच्या मावशीने कॉफीच्या कच्च्या बिया पाठवल्या होत्या.

"तू गेल्यावर या भाजणार कोण? आत्ताच उरकून टाकू."

"मला इथून हाकलतायत आणि तुला कॉफीचं पडलंय?"

"अगं, इतकी वर्षं कॉफी म्हणून भाजलेलं राय धान्य उकळून पितोय आपण. रडायचं ते खरी कॉफी पिऊन रड ना!"

खडकावर चूल पेटवायला बंदी होती, धुराने ठिकाण कळलं असतं. पण पहिल्याच दिवशी सार्जंटने बजावलं होतं, की दिव्यातला खोलगट आरसा उघड्यावर सूर्याकडे वळवू नका, समोर येईल ते जळून जाईल. आता हे सांगावं तरी कुणाला? कॉफीला आसुसलेल्या फिनिश बायकांना!

आतला दिवा साफसफाईसाठी बाहेर काढलेलाच होता. त्यांनी आरसा सूर्याकडे वळवला. पहिल्या डब्याला क्षणात भोक पडलं. दुसरा हिल्काने काठीला बांधून जरा अलीकडे धरला. सूर्य सरकला की सैमीने चाक फिरवायचं.

"उजवीकडे! केसभर सांगितलं, हातभर नाही!"

बिया तडतडल्या, तपकिरी झाल्या. पाणीही तिथेच उकळलं. वास असा सुटला, की सार्जंट धावत आला आणि आरसा बघून पांढराफटक पडला. त्याच्या मागे मेजर हेडमान उभे होते. हिल्काने काठी खाली ठेवली.

"चूक माझी आहे, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "सैमीला बोलू नका. काय हवी ती शिक्षा द्या, पण मला परत भटारखान्यात धाडू नका. बॉम्ब पडताना पुन्हा नुसतं बघत बसणं माझ्याच्याने होणार नाही."

मेजर पुढे आले. एका खोक्यावर टेकले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने कप दिला. त्यांनी डोळे मिटून तो तळापर्यंत संपवला, पुन्हा भरून घेतला आणि तोही घोट घोट करत संपवला. मग घसा खाकरून उठले.

"सार्जंट, भटारखान्याला कळवा. या बाईंना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. असली भिकार कॉफी मी जन्मात प्यायलो नाही. यांना चुलीजवळ फिरकू देऊ नका, दिव्यावरच ठेवा. आणि तो आरसा झाका आधी!"

हिल्काच्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. आज ठेवली, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

"उरलीय का थोडी?" मेजरांनी कप पुढे करत विचारलं.