मागच्या खोलीतलं बटण

मी या घरातला थोरला राउटर बोलतोय. सध्या माझा मुक्काम दिवाणखान्यात, चपलांच्या कपाटावर. पण माझं आयुष्य गेलं ते मागच्या खोलीत, आजोबांच्या सोबतीला.

आजोबा पेशाने शिंपी. नजर अधू झाली तसं शिलाई मशीन गेलं, कापड बेतायचं मोठं टेबल तेवढं उरलं. इंटरनेटची तार मागच्या खिडकीतून आत आली, म्हणून नेटवाल्याने मला त्यांच्या उशाशी लावलं आणि पलंगालगतच्या बटणावर जोडलं. या घराच्या भिंती भलत्याच जाड. एक ओलांडली की माझा अर्धा जीव जायचा. त्यामुळे ज्याला नेट हवं, त्याला मागच्या खोलीत येण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग काय, खोली भरलेली असायची. नात टेबलावर वह्या पसरून क्लास करायची. मास्तरीण असलेली सूनबाई पेपर तपासता तपासता फोनवर आपल्या आईशी गप्पा मारायची. मुलगा विम्याच्या ऑफिसातून आला की पलंगाच्या कडेला टेकायचा. आजोबांशी कोणी मुद्दाम बोलायचं असं नाही. "जरा सरका बाबा", "चहा गार झाला की तुमचा", एवढंच. म्हातारपणी माणसाला तेवढं पुरतं, हे मी जवळून पाहिलंय.

पुढे नातीची पाठ दुखू लागली. आजोबांनीच मुलाला बोलावलं.

"अरे, पोर वाकून वाकून कुबडी होईल. ज्याच्या त्याच्या खोलीत एकेक डबा बसवून टाक."

"तुम्हाला करमेल ना?"

"मला काय धाड भरलीय?"

नेटवाला आला. छतालगत तार ओढून त्याने खोलीखोलीत ॲक्सेस पॉइंट बसवले. ही माझी धाकटी भावंडं. "सगळ्यांचं नाव एकच, पासवर्डही एकच," तो मुलाला समजावत होता. "चॅनल तेवढे वेगळे ठेवलेत, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय नको. फोन आपोआप जवळचा पॉइंट धरेल. कोणाला जागचं उठायला नको."

तसंच झालं. कोणी जागचं उठेना. मागच्या खोलीत जेवणाचं ताट यायचं आणि रिकामं परत जायचं. आजोबांचा फोन साधा, त्याला माझी गरज नव्हती.

एकदा संध्याकाळी आजोबा दिवा लावायला गेले आणि हात माझ्या बटणावर पडला. मी विझलो, तशी भावंडंही मुकी झाली. धडाधड दारं उघडली. "आजोबा, नेट गेलं का?" सगळे आत. मुलगा तारा हलवून बघू लागला, सूनबाई पलंगावर बसली. नात म्हणाली, "आजोबा, किती वाळलात हो." मला पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ ते आजोबांचे होते.

दुसऱ्या दिवशी हात आपणहून गेला. मग रोजचंच झालं. खरं सांगायचं तर मीही उठताना आळोखेपिळोखे द्यायचो.

अखेर मुलाने पाहिलंच. तो चिडला नाही, हसला. "बाबा, काय हा पोरखेळ? माझी मीटिंग चालू होती."

"चुकून लागला रे हात," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले.

नेटवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने मला इथे आणलं आणि आजोबांच्या बटणावर एक धाकटा पॉइंट लावून दिला. आता ते बटण बंद केलं, तरी बाकीच्या घराला पत्ता लागणार नव्हता. फक्त मुलाच्या फोनवर तसा निरोप जाणार होता. आजोबांनी काही दिवस बटण दाबून पाहिलं. कोणी आलं नाही. मग त्यांनी नाद सोडला.

आणि एका दुपारी तो पॉइंट अचानक बंद पडला. मी लगेच मुलाला ऑफिसात कळवलं. त्याने निरोप वाचला आणि बाजूला सारला. नात शेजारच्या खोलीत कानांना हेडफोन लावून बसली होती. तिचं नेट उत्तम चाललं होतं.

संध्याकाळी सूनबाई चहा घेऊन गेली, तेव्हा आजोबा पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. फोन टेबलावर, हात पोचणार नाही असा. हात बटणापाशी. डॉक्टर म्हणाले, दुपारीच कोणी आत आलं असतं तर काही करता आलं असतं.

"मला वाटलं, बाबांचं नेहमीचंच," एवढंच मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला फार वाईट वाटलं. त्याचं आणि त्यांचंही.

हल्ली तो ऑफिसातून आला की त्या पलंगावर जाऊन बसतो आणि बटण बंद करतो. मी इमानाने निरोप पाठवतो. तो त्याच्याच खिशात वाजतो. घरात दुसऱ्या कोणाला काही कळत नाही.

तुमच्याही घरात एखादी मागची खोली असेल. तिथे जा. नेट चालू असतानाच जा.