आधी गळतं का आधी उकळतं

प्रभुलिंगला राग यायला कारण लागत नसे. राग आधी यायचा, कारण मागून शोधलं जायचं. उचगाव फाट्यावर त्याचं गॅरेज, मदतीला सख्खा धाकटा भाऊ अमरेश, आणि शिव्या खायला येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक. तरी हाताला गुण होता म्हणून लोक येत. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ म्हणायचे आणि गाडी सोडून जायचे.

पण आप्पासो मगदूम दूध संस्थेचे चेअरमन झाले त्या वर्षी प्रभुलिंगला रागावण्याजोगं खरंखुरं कारण मिळालं. ते म्हणजे आप्पासोंची पांढरी जीप.

गावात फिरताना जीप गरीब गाय. पण हायवेला लागून गडहिंग्लजच्या वाटेवर गेली, तवंदी घाट चढायला लागली, की काटा लाल रेघेला भिडायचा आणि बॉनेटखालनं वाफा निघायच्या. मग ड्रायव्हर हंबीरराव कुठल्यातरी एसटीडी बूथवरनं गॅरेजात फोन करायचा, “उकळली बघा पुन्हा.”

“गळती हाय,” प्रभुलिंगनं पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. पाणी कमी होतंय म्हणजे कुठंतरी गळतंय, त्यात काय एवढं! त्यानं रबरी पाइप बदलले. उकळली. रेडिएटर खोलून झाळून आणला, वरचं झाकण नवं घातलं. उकळली. पाण्याचा पंप बदलला. दर वेळी इंजिन तासभर दारात चालू ठेवायचं, कागलपर्यंत नेऊन आणायचं, आणि दर वेळी काटा शहाण्या मुलासारखा अर्ध्यावर. गाडी आप्पासोंच्या दारात गेली की चार दिवसांत फोन ठरलेला. प्रभुलिंगला वाटायचं, ही जीप मुद्दाम करते. माणसानं असं वागावं तर ठीक, लोखंडानं सुद्धा?

अमरेश मात्र गाडीखाली जमिनीवर आडवा होऊन बराच वेळ बघत राहायचा. एकदा उठून म्हणाला, “अण्णा, खाली थेंब न्हाय. पाणी गळून गाडी तापत न्हाय ही. आधी तापतीया आणि मग पाणी उतू जातंय. एक डाव त्यांच्यासंगं घाटापातूर जाऊन येऊया की.”

“आता तू मला शिकवणार? कागलपातूर नेली ती काय हवा खायाला नेलती?”

“रस्त्यावर कायतरी निराळं घडतंय, एवढंच म्हणतोय मी.”

“घडतंय! इंजिनाचं हेड फाटलंय तिचं. उतरव.”

अमरेशनं हेड उतरवलं. आतली पॅकिंग तशी ठणठणीत दिसत होती, पण थोरल्या भावापुढं तो ते दोनदा बोलला नाही. नवी पॅकिंग घातली, सगळं बसवलं, गाडी गेली. आणि संकेश्वरला लग्नाला निघालेले आप्पासो सिल्कच्या झब्ब्यात घाटात पाण्याचा कॅन धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात आले. समोरच्या हॉटेलातली चहा पिणारी मंडळीही मागोमाग आली, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतं?

“काय प्रभू,” आप्पासो मिशीत हसले, “दोघा भावांना मिळून एक गाडी थंड करता येईना व्हय? का आता बर्फाच्या गाडीला बांधून वढायची?”

लोक खदखदून हसले. प्रभुलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं हायवेवरच्या लॉऱ्या नाव विचारत त्याच्या दारात येत होत्या, आणि आज चहावाली पोरंटोरं त्याच्यावर दात काढत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, “हेड ह्या अमऱ्यानं बसवलंय. बोल्ट आवळायची अक्कल न्हाय ह्याला! माझ्या हातचं काम असतं तर उकळली असती व्हय?”

अमरेश काहीतरी बोलणार होता. पण लोक आता त्याच्याकडं बघून हसायला लागले होते, आणि भावाच्या हातातला पाना भिंतीवर आदळून त्याच्या पायाशी पडला.

“बघतोस काय? नीघ! उद्यापासनं गॅरेजात पाय ठेवायचा न्हाय.”

अमरेशनं चिंधीनं हात पुसले आणि तो गेला. त्या रात्री प्रभुलिंगच्या बायकोनं, नीलम्मानं, त्याला भाकरी वाढली. दिराचं ताट तिनं पालथं घालून ठेवलं होतं. प्रभुलिंगला त्या ताटाचाही राग आला.

मग गॅरेजात काय चाललं ते सांगण्यासारखं नाही. प्रभुलिंग एकटाच गाडीखाली शिरायचा, एकटाच शिव्या द्यायचा आणि पाना मागायला हात बाहेर काढायचा. हात तसाच रिकामा राहायचा.

अशातच गडहिंग्लजला पाहुण्यांकडं बारसं निघालं. प्रभुलिंग एसटीनं निघाला. तवंदी घाटात बस वळणावर आली आणि कडेला पांढरी जीप, बॉनेट वर, हंबीरराव शेजारी दगडावर बसलेला.

“थांबवा! थांबवा म्हणतोय न्हवं!” कंडक्टरची घंटी त्यानं स्वतःच ओढली आणि उडी टाकली.

जीपच्या समोर जाऊन तो उभाच राहिला. पुढच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्र्याचा लालभडक बोर्ड. त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत ‘चेअरमन’, आणि खाली संस्थेचं लांबलचक नाव. जाळीचं बोटभर तोंडही उघडं नव्हतं. रेडिएटरला वारा शिवायचा तरी कुठनं?

“ह्यो कवा लावला?”

“निवडून आल्यापासनं हाय की,” हंबीरराव म्हणाला. “तुमच्याकडं आणताना तेवढा काढून ठेवायचा, मालकांचा हुकूमच हाय. बोर्डासकट जीप गॅरेजात दिसली तर लोक म्हणतील, ज्याला गाडी चालवता येईना त्यो संस्था काय चालवणार?”

प्रभुलिंगनं डोक्याला हात लावला नाही, हसला तर नाहीच. त्यानं हंबीररावच्या पिशवीतला पाना घेतला आणि बोर्ड असा हिसडून काढला की एक नट दरीत गेला. इंजिन निवेपर्यंत तो जीपभोवती येरझाऱ्या घालत आप्पासोंच्या सात पिढ्या मोजत होता. मग पाणी भरलं, स्टिअरिंगवर बसला आणि घाट चढवला. काटा अर्ध्यावर. पुढं सरळ रस्त्याला दामटली, तरी अर्ध्यावर.

“बरी झाली की हो!” हंबीरराव म्हणाला.

“आजारीच नव्हती,” प्रभुलिंग ओरडला.

बारसं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळी, कॅनची रांग दारापर्यंत आलेली असताना, प्रभुलिंग बोर्ड काखेत मारून संस्थेत शिरला आणि आप्पासोंच्या टेबलावर तो आपटला.

“गाडीचं नाक दाबून तिला घाट चढवालाय व्हय? वर आम्हालाच हसताय?”

बोर्डाची गोष्ट त्यानं सगळ्या रांगेला ऐकवली. काढायचा कशासाठी, लावायचा कशासाठी, सगळं. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पासोंचा चेहरा बोर्डाच्या रंगाला गेला.

“लावतो की खाली, बंपरला,” ते पुटपुटले.

“बोर्ड घाला खड्ड्यात! माझ्या भावाची अब्रू घेतली तुम्ही. आत्ताच्या आत्ता ह्या लोकांपुढं बोला, अमरेशचं काम चोख व्हतं म्हणून.”

आप्पासोंनी चष्मा काढला. आवाज न चढवता म्हणाले, “बोर्डाची चूक माझी. गावापुढं कबूल. पण अमरेशला मी कवा वाईट बोललो? मी हसलो ते तुम्हा दोघांवर. बोल्ट आवळायची अक्कल न्हाय, हे कोण म्हणालं? पाना कुणी फेकला? तू हाकलल्यावर मी त्याला हितं दूध थंड करायच्या मशीनवर ठेवलाय. अक्कल नसती तर ठेवला असता?”

रांगेतलं हसणं थांबलं. मशीनच्या खोलीच्या दारात अमरेश उभा होता, कोपरापर्यंत काळा. प्रभुलिंगच्या तोंडात पुढची शिवी तयार होती, पण ती आता द्यायची कुणाला? राग होता तेवढाच होता, फक्त त्याला जायला दुसरं घर उरलं नव्हतं. त्याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटते याचाही राग आला.

“अमऱ्या,” तो म्हणाला. आवाज चढाच लागला, त्याला दुसरा येत नव्हता. “तुझं काम चोख व्हतं. चल गॅरेजला.”

“ठाऊक हाय अण्णा,” अमरेश म्हणाला. “तुलाबी त्याच दिवशी ठाऊक व्हतं. माझं आवळून झाल्यावर सगळ्या बोल्टांवर शेवटचा पाना तूच फिरवलावतास की.”

प्रभुलिंगला आठवलं. एकेक बोल्ट त्यानं स्वतः तपासला होता, आणि ‘झकास’ म्हणून भावाच्या पाठीवर थापही मारली होती.

आतली मोटर घरघरली तसा अमरेश वळून आत गेला. रांगेतली बाळाबाई कॅन पुढं सरकवत म्हणाली, “जरा बाजूला व्हा की, दूध नासंल.” आणि प्रभुलिंग बाजूला झाला.